तारीख चुकली की निघतं ते वॉरंट

शिपाई दाराशी येऊन आरोपीचं नाव तीनदा पुकारतो. ओ येत नाही. वकिलांनी हजेरी माफीचा अर्ज दिलेला नसला, तर न्यायाधीश तिथेच वॉरंटचा आदेश लिहितात. इंग्रजी परंपरेत हेच ‘बेंच वॉरंट’, म्हणजे न्यायासनावरून निघालेलं. आपल्या कायद्यात हा शब्द नाही. बेळगावात लोक ‘पकड वॉरंट’ म्हणतात.

त्याची मुळं 1861 च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेपर्यंत जातात. 1898 ची संहिता मुंबई इलाख्यातल्या बेळगावलाही लागू होती. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. सीमा बदलली तरी संहिता दोन्हीकडे एकच राहिली. पुढे 1973 ची संहिता आली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जामिनावर सुटलेला माणूस तारखेला आला नाही, तर तिच्या कलम 92 खाली वॉरंट निघतं.

बदलली ती कागदाची भाषा. इथल्या कनिष्ठ न्यायालयांचा कारभार कन्नडमध्ये चालतो. साक्ष आरोपीला समजेल अशा भाषेत सांगावी, असं कायदा म्हणतो, पण घरी आलेलं समन्स कोण वाचून दाखवणार? घडी करून देवापुढे ठेवलेला कन्नड कागद मी पाहिला आहे. त्यावरची तारीख नातवाने सांगितली, तोवर ती उलटून गेली होती. 2014 साली बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक हटवल्यानंतर गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आणि खटले वर्षानुवर्षे चालले. मजुरी बुडवून इतक्या तारखा सांभाळणं किती कठीण असतं, हे त्या घरांना विचारावं.

2007 साली सर्वोच्च न्यायालयाने क्रम सांगितला: आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि माणूस मुद्दाम टाळतोय असं दिसलं तरच अजामीनपात्र. जामीनपात्र वॉरंटवर रक्कम आणि जामीनदार लिहिलेले असतात, ते दिले की पोलीस सोडतात. अजामीनपात्र असेल तर 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायालयापुढे उभं करावं लागतं. जामीनरोखा, म्हणजे हजर राहण्याची लेखी हमी, जप्त होतो आणि जामीनदाराच्याही खिशाला झळ बसते. सबळ कारण नसताना गैरहजर राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेचा. फरारी ठरवून उद्घोषणा काढली, तर ती गावात वाचतात, घरावर चिकटवतात. पुढची पायरी मालमत्ता जप्तीची.

कोल्हापूरला बहिणीकडे राहिलं म्हणून वॉरंट चुकत नाही, ते देशात कुठेही बजावता येतं. जिल्ह्याबाहेर पकडलं, तर साधारणपणे तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे नेतात. वॉरंट काढणारं न्यायालय 30 किलोमीटरच्या आत असेल, तर ही पायरी लागत नाही.

वॉरंटला मुदत नसते. बजावलं जाईपर्यंत किंवा त्याच न्यायालयाने रद्द करेपर्यंत ते जिवंत राहतं. म्हणून वकिलांबरोबर स्वतः हजर व्हावं, कारण सांगावं, रद्द करण्याचा अर्ज द्यावा. आणि आदेशाची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी. रद्द झालेल्या वॉरंटवर अटक झाल्याचं महाराष्ट्रातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि 2011 मध्ये वॉरंटची नोंदवही ठेवण्याबाबत न्यायालयाला निर्देश द्यावे लागले.