आधी ढोलकी गेली, मग आवाज

दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी. गच्चीवर मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं आणि मधोमध एका स्टुलावर थर्मासएवढा ब्लूटूथ स्पीकर ठेवला होता. खोक्यावर ‘दहा तास’ छापलेलं. साडेआठला लावला. अकराच्या सुमारास लावण्यांची फर्माईश झाली आणि माझ्या लक्षात आलं, ढोलकीची थाप ऐकू येतेय, पण तिचा घुमारा गेलाय. नुसतं टक-टक. पाऊण तासाने स्पीकरने एकदा ‘टुंग’ केलं आणि गप्प झाला. जेमतेम सव्वातीन तास.

बॅटरी लवकर संपली याची हळहळ होतीच, पण मला जास्त छळलं त्या घुमाऱ्याने. तोच आधी का गेला? त्याचा माग काढत गेले तेव्हा कळलं की स्पीकर घेताना आपण ‘आवाज कसा’ आणि ‘बॅटरी किती’ असे दोन वेगळे प्रश्न विचारतो, पण दोन्हींचा हिशेब एकाच वहीत आहे.

जेबीएल या कंपनीच्या ‘चार्ज ५’ स्पीकरचे आकडे बघा. आवाजाची ताकद ४० वॉट: ३० आवाज काढणाऱ्या मोठ्या पडद्याला, १० उंच स्वरांच्या छोट्या पडद्याला. बॅटरी २७ वॉट-तासांची, म्हणजे एक वॉटने २७ तास पुरेल एवढी. चालण्याचा कमाल वेळ २० तास. आता २७ ला २० ने भागा. उत्तर येतं १.३५ वॉट. म्हणजे वीस तास चालायचं असेल तर हा स्पीकर सरासरी दीड वॉटसुद्धा खाऊ शकत नाही, आणि त्यातच ब्लूटूथची चिप आणि अँप्लिफायरचाही वाटा आला. त्याच कंपनीच्या ‘फ्लिप ६’चं गणित १७.२८ वॉट-तास भागिले १२ तास, म्हणजे १.४४ वॉट. चिमुकल्या ‘गो ३’चं २.७७५ भागिले ५, म्हणजे अर्ध्या वॉटच्या जरा वर. उलट ४० वॉट सलग ओढले, तर २७ वॉट-तासांची बॅटरी चाळीस मिनिटांत संपेल.

यात कुणी खोटं बोलत नाही. ४० वॉट लागतात ते क्षणभर, ढोलकीवर थाप पडते तेवढ्यापुरते. तास मोजले जातात ते बेताच्या आवाजावर. पण वॉट आणि तास एकाच खोक्यावर शेजारी-शेजारी छापले की दोन्ही एकाच वेळी मिळतील असं वाटतं, तसं होत नाही.

आवाज वाढवण्याची किंमत कशी चढते हेही बघण्यासारखं आहे. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबलची वाढ लागते, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वीज. त्यातून एवढ्याशा स्पीकरमध्ये विजेचा शंभरावा भागही आवाज होऊन बाहेर पडत नाही. बाकी सगळी उष्णता. गच्चीवर आम्ही घरातल्यापेक्षा ‘थोडासाच’ मोठा आवाज ठेवला होता. त्या ‘थोडासाच’ने दहा तासांचे सव्वातीन केले.

आता घुमारा. स्पीकरचा पडदा हवा ढकलतो. उंच स्वर काढायला त्याला जरासं थरथरलं तरी पुरतं. पण स्वराची कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. ४०० हर्ट्झवरून (सेकंदाला ४०० कंपनं) १०० वर उतरलात तर सोळापट. दोन इंची पडद्याला एवढी जागाच नसते. शिवाय डबा लहान म्हणून आतली हवा स्प्रिंगसारखी घट्ट, ती पडद्याला हलू देत नाही. मग जोर लावून हलवायचा, म्हणजे वीज ओतायची.

अमेरिकेत जोसेफ अँटन हॉफमन नावाचे एक अभियंते होते. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ त्यांचा. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो: लहान डबा, खोल बेस (म्हणजे खालचे स्वर) आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतील. पिशवीत मावणारा स्पीकर घेतला की पहिली गोष्ट आपण मागून मोकळे होतो. उरलेल्या दोन्हींत भांडण लागतं, आणि ते बॅटरी आणि बेसचं भांडण आहे.

थोडी सवलत मिळते ती पॅसिव्ह रेडिएटरमुळे. ‘चार्ज’, ‘फ्लिप’सारख्या स्पीकरच्या दोन्ही टोकांना रबरी कड असलेल्या गोल चकत्या असतात, गाणं लावलं की धडधडतात त्या. त्यांना वायर जोडलेली नसते. आतला पडदा मागे सरकला की डब्यातली हवा दाबली जाते आणि तिच्या जोरावर ही जड चकती डोलते. झोक्याला त्याच्या लयीत हात लावला की कमी जोरात मोठा झोका मिळतो, तसं. पण चकती ज्या कंपनसंख्येला जुळवलेली असते त्याच्या खाली आवाज झपाट्याने कोसळतो. ‘गो ३’ची हद्द ११० हर्ट्झवर संपते, ‘फ्लिप ६’ची ६३ वर, ‘चार्ज ५’ची ६० वर. शेवटच्या दोन्हींत कागदावर तीन हर्ट्झचाच फरक, वजनात मात्र साडेपाचशे ग्रॅम विरुद्ध जवळजवळ किलोभर. तो फरक मोठ्या आवाजावर कळतो.

मग एवढ्याशा डबीतून पुरुषी खर्जातलं गाणं ऐकू कसं येतं? हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ कंप शंभर-सव्वाशेच्या घरात, म्हणजे तो तारेवरून कधी गेलाच नाही. तरी वडिलांचा आवाज वडिलांसारखाच भारदस्त यायचा. कारण मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वरांश पोचत होते, आणि त्या रांगेवरून मेंदू गैरहजर मूळ स्वर स्वतःच उभा करत होता. लहान स्पीकर बनवणारे या युक्तीवर बरंच जगतात.

मात्र ही रांग नीट असावी लागते. ताणलेल्या साध्या चामड्याचे स्वरांश अशा पूर्णांकांच्या पटीत नसतात, म्हणून त्यातून सूर निघत नाही. तबल्यावरची शाई नेमकं हेच काम करते, ती स्वरांशांना रांगेत आणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये याच वाद्यांवर लिहिलं होतं. त्यामुळे तबल्याचा ‘ना’ छोट्या स्पीकरवरही स्वच्छ येतो. तो मुळातच उंच आहे. डग्ग्याचं किंवा ढोलकीच्या डाव्या पुडीचं तसं नाही. त्यांचा घुमारा बहुतेक सगळा मूळ कंपातच असतो, वरचे अंश लगेच विरतात. मूळ कंप गेला की मेंदूला उभं करायला फारसं काही उरत नाही.

आणि बॅटरी उतरू लागली की पहिला बळी त्याचाच जातो. लिथियम-आयन सेलला अंतर्गत रोध असतो. थापेच्या क्षणी एकदम मोठा प्रवाह मागितला की सेलचा व्होल्टेज खाली बसतो. सेल उतरलेला किंवा जुना असेल तर जास्तच. त्या धक्क्याने यंत्र बंद पडू नये म्हणून आतला प्रोसेसर सगळ्यात जास्त वीज खाणारी गोष्ट कापतो, म्हणजे बेस. गाणाऱ्या बाईंचा आवाज तसाच राहतो. अकरा वाजता गच्चीवर मी ऐकलं ते हेच.

प्रोसेसरची आणखी एक करामत दुकानात फसवते. हार्वे फ्लेचर आणि वायल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. म्हणून स्पीकर हळू आवाजावर बेस वाढवून देतो आणि मोठ्या आवाजावर पडदा फाटू नये म्हणून तो गुपचूप उतरवतो. बंद दुकानात, मध्यम आवाजावर, सगळेच गोड वाटतात. त्यात दोन स्पीकरमध्ये जो किंचित मोठा वाजेल तोच कानाला चांगला वाटतो. त्यामुळे तुलना करायची तर आधी फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपने दोघांचा आवाज सारखा करावा, मग तेच गाणं ऐकावं. शक्य असेल तर दुकानाच्या दाराबाहेर, आणि आवाज तीन-चतुर्थांशावर. मी तबल्याचं एकलवादन लावते आणि डग्ग्यावरची घसीट ऐकते. सूर खाली सरकताना कुठल्या पायरीवर नाहीसा होतो ते लगेच कळतं.

बॅटरीसाठी एमएएच (मिलिअँपिअर-तास) बघू नका, वॉट-तास बघा. २६०० एमएएच ३.६ व्होल्टला ९.३६ वॉट-तास होतात आणि दोन सेल एकामागे एक जोडून ७.२ व्होल्ट केले की त्याच्या दुप्पट. एमएएचचा आकडा मात्र तोच दिसतो. रंगीत दिवे असतील तर बंद करा, ते याच बॅटरीवर चालतात. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर स्पीकर ठेवू नका. उष्णतेने सेल कायमचा म्हातारा होतो.

मागच्या कोजागिरीला स्पीकर तोच होता, एका वर्षाने जुना झालेला. फक्त स्टूल काढलं आणि तो पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर ठेवला. जमीन आणि भिंत, प्रत्येकीकडून खालच्या स्वरांना ६ डेसिबलपर्यंत फुकट मदत मिळते, आणि ६ डेसिबल म्हणजे चौपट वीज. आवाज चार घरं उतरवला तरी पलीकडच्या कठड्याशी बसलेल्या काकूंना ढोलकी ऐकू येत होती. साडेबाराला पातेलं खरवडून झालं, तेव्हाही डाव्या पुडीचा घुमारा पायाखालच्या फरशीत जाणवत होता.