रून

रून म्हणजे उत्तर युरोपातल्या जर्मानिक भाषिकांच्या (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश या भाषांच्या पूर्वज भाषा बोलणाऱ्यांच्या) प्राचीन लिपीतले अक्षर. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘रूना’ या शब्दाचा अर्थ गुपित, गूढ. लिपीचे नाव ‘फुथार्क’ असे आहे आणि ते पहिल्या सहा अक्षरांवरून (फ, उ, थ, आ, र, क) पडले. जुन्या फुथार्कमध्ये २४ रून होते. व्हायकिंग काळाच्या (सुमारे आठवे ते अकरावे शतक) सुरुवातीला स्कँडिनेव्हियात त्यांची संख्या १६ वर आली. हे रून लाकूड, हाड, धातू किंवा दगड यांवर कोरत. लाकडात आडवी रेघ तंतूंच्या दिशेने जाऊन हरवते, म्हणून जुन्या रूनांमध्ये फक्त उभ्या आणि तिरप्या रेघा दिसतात.

प्रत्येक रूनाला नाव होते आणि ते नाव बहुधा त्याच ध्वनीने सुरू होई. अर्थ येतो तो या नावातून. पहिला रून ‘फेहू’ म्हणजे गुरेढोरे, आणि त्यावरून संपत्ती. हा शब्द आणि आपला ‘पशू’ एकाच मुळातले आहेत, त्यामुळे पशुधन म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ‘एहवाझ’ म्हणजे घोडा आणि ‘तीवाझ’ म्हणजे त्युर हा देव. संस्कृतातले ‘अश्व’ आणि ‘देव’ यांचे हे सख्खे भाऊबंद. जुन्या २४ रूनांची ही नावे मात्र त्या काळात लिहिलेली सापडत नाहीत. इंग्लंड, नॉर्वे आणि आइसलँडमधल्या नंतरच्या रून-काव्यांवरून अभ्यासकांनी ती परत उभी केली आहेत.

रूनांचा मंत्रतंत्रासाठी वापर होई असे म्हणतात, आणि त्याचे पुरावे खरे आहेत. स्वीडनच्या ब्लेकिंगे भागात ब्यॉर्केटॉर्प येथे चार मीटरहून उंच शिळा आहे. ती मोडणाऱ्याला कपटी मृत्यू येईल, असा शाप तिच्यावर कोरलेला आहे. सोन्याच्या पातळ पदकांवर ‘आलू’ हा शब्द वारंवार येतो. तो रक्षणाचा किंवा शुभ शब्द असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गॉटलंड बेटावरच्या क्युल्व्हेर येथील दगडावर सगळी अक्षरमाला ओळीने कोरली आहे आणि शेवटी झाडासारखी एक खूण आहे. ‘हावामाल’ या काव्यात ओडिन देव वाऱ्यात हलणाऱ्या झाडाला नऊ रात्री टांगून घेतो, भाल्याची जखम सोसतो आणि मग रून उचलतो. ‘सिग्रद्रिफुमाल’ या दुसऱ्या काव्यात तर सरळ कृतीच सांगितली आहे: विजय हवा असेल तर तलवारीच्या मुठीवर रून कोर आणि त्युरचे नाव दोनदा घे.

आइसलँडच्या एगिल सागेतला (सागा म्हणजे जुनी गद्य वीरकथा; हिचा नायक कवी-योद्धा एगिल) प्रसंग सर्वांत बोलका आहे. एका शेतकऱ्याची मुलगी आजारी असते. एगिल तिचे अंथरूण तपासतो, तेव्हा त्यात रून कोरलेले देवमाशाचे हाड निघते. प्रेमासाठी एका तरुणाने ते कोरले होते, पण अक्षरे चुकली आणि मुलगी खंगत गेली. एगिल अक्षरे खरवडून काढतो, हाड जाळतो, नवे रून कोरून उशीखाली ठेवतो. वाचता येत नसेल त्याने रून कोरू नयेत, असे तो बजावतो. म्हणजे सागा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने बळ नुसत्या आकारात नव्हते, ते बरोबर लिहिण्यात होते.

रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ मध्ये जर्मानिक लोकांच्या कौलाचे वर्णन केले आहे: फळझाडाच्या फांदीचे तुकडे, त्यांवर खुणा, पांढऱ्या कापडावर उधळणे, तीन उचलणे. त्या खुणा रूनच होत्या, असे तो म्हणत नाही. भविष्य पाहण्यासाठी आज विकत मिळणाऱ्या २४ दगडांच्या रून-संचांचा आधार मुख्यतः हाच उतारा आहे. काही संचांतला ‘कोरा रून’ (काहीही न कोरलेला जादा दगड) विसाव्या शतकातली भर आहे, प्राचीन नाही.

रून रोजच्या कामाचेही होते, आणि हे विसरले की सगळा विषयच धूसर होतो. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर व्हिमोस येथे मिळालेल्या, सुमारे इ. स. १६० च्या फणीवर एकच शब्द आहे: ‘हार्या’, बहुधा एक नाव. नॉर्वेतल्या बर्गन बंदरात १९५५ च्या आगीनंतरच्या उत्खननात रून कोरलेल्या शेकडो काठ्या निघाल्या. त्यांपैकी एकीवर एवढाच निरोप आहे, की ग्युदा तुला घरी यायला सांगते आहे.