दहा रुपयांचा वाद आणि त्यामागचा इतिहास: मुंबईतलं जुन्या वस्तूंचं संकलन

सध्या जुने कपडे, भांडी, खेळणी गोळा करून वाटणाऱ्या मुंबईतल्या बऱ्याच ग्रुप्समध्ये दहा रुपयांवरून वाद चालू आहे, म्हणजे दान आलेला शर्ट किंवा साडी पाड्यावर नेल्यावर फुकट द्यायची का टेबलावर मांडून पाच-दहा रुपये घ्यायचे. नवीन व्हॉलंटियर्सना वाटतं हा कुणाच्या तरी हट्टाचा किंवा हिशोबाचा प्रश्न आहे. पण तो बराच जुना आहे आणि मागचं माहीत नसेल तर दोन्हीकडची माणसं एकमेकांना उगाच वाईट ठरवतात, म्हणून हे लिहितोय.

अगदी मागे फार जात नाही. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरातला जुना कपडा कधीच थेट कचऱ्यात गेला नाही. आधी धाकट्या भावंडाला, मग कामवाल्या मावशींना, मग गोधडीला आणि जे उरेल ते बोहारणीला. चार साड्या आणि दोन पॅंटींवर स्टीलचं एखादं पातेलं मिळायचं, त्यासाठी दारात अर्धा तास घासाघीस चालायची, आणि बोहारीण तो माल धुऊन, टाके घालून, बटणं लावून पुढे विकायची, तिथून तो स्वस्तात कपडे घेणाऱ्या मजुराच्या अंगावर जायचा. म्हणजे मुंबईत जुन्या वस्तूंचं वाटप स्वयंसेवकांनी सुरू केलं हे काही खरं नाही, ते आधीपासून होतं, फक्त त्यात दान नव्हतं, सौदा होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी एक गोष्ट १९२१ची. ३१ जुलैला परळला गिरणीच्या आवारात परदेशी कपड्यांची मोठी होळी झाली ते सगळ्यांना माहितीये. त्यावरून नंतर जो वाद झाला तो मात्र शाळेत कुणी शिकवत नाही. इतका चांगला कपडा जाळता कशाला, उघड्या माणसांना द्या, असं म्हणणारे त्या वेळी होतेच, रवींद्रनाथ टागोरांसारखा माणूस त्यात होता. गांधीजींचं उत्तर साधारण असं होतं की गरिबाला काम हवंय, त्याला नको असलेले कपडे वाटणं हा त्याचा अपमान आहे. कुणाचं बरोबर यात मी पडत नाही. पण आपण टाकलेली वस्तू दुसऱ्याला देताना त्याच्या मानाचं काय, हा प्रश्न याच शहरातल्या होळीवरून शंभर वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे विचारला गेला होता.

मधली बरीच वर्षं संकलन म्हणजे आपत्ती आली की ट्रक भरायचा, एवढंच होतं. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गिरणगावात सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसं खच्चून भरलेली, त्यांचे नातेवाईकच तिकडे होते, त्यामुळे कुणाला काय लागतं हे विचारावं लागत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या वेळी चित्र बदललं. गोळा करणारा दादर-पार्ल्याचा, घेणारा लातूर-उस्मानाबादचा, मध्ये ओळख काहीच नाही. २००१ला भूजच्या वेळी तेच आणि २००४च्या त्सुनामीत तर हद्द झाली, देशभरातून गेलेले जुने कपडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला ढिगाने पडून राहिले, कारण तिथल्या कोळी बायकांना ते वापरण्यासारखे वाटलेच नाहीत. त्या ढिगाऱ्याचे फोटो ज्यांनी तेव्हा बघितले त्यातल्या अनेकांनी पुढे या कामाची पद्धतच बदलली.

मुंबईपुरतं बोलायचं तर खरी सुरुवात २६ जुलै २००५ची. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. हा फरक फार महत्त्वाचा आहे. कुर्ला, कलिना, मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये तळमजल्यावरच्या माणसांचं गादी, स्टोव्ह, धान्याचा डबा, पोरांची पुस्तकं, रेशनकार्ड सगळं गेलं आणि तिथून लोकलने अर्ध्या तासावर राहणाऱ्यांच्या घरात पाणीसुद्धा शिरलं नव्हतं. देणारा आणि घेणारा पहिल्यांदाच एकाच शहरात होता. ट्रक भरून पाठवला आणि विसरलो असं करता येईना, कारण दुसऱ्या दिवशी परत जाता येत होतं आणि गेलं की कळायचं की आपण नेलेल्या वीस पिशव्यांतल्या बारा तशाच पडल्यात, त्यात पार्टीवेअर आहे, एकेकटे बूट आहेत, आणि बाईला हवी होती बादली, चादर आणि कपडे वाळत घालायला दोरी. मला विचाराल तर आजचे जे नियम आहेत, अंतर्वस्त्रं नकोत, बूट लेसने जोडी बांधून द्या, कपडे धुऊन द्या, फाटकं वेगळं ठेवा, ते सगळे त्या दोन-तीन महिन्यांत व्हॉलंटियर्सनी हाताने पिशव्या उपसून शिकलेले आहेत.

त्यानंतर काम बारमाही झालं. २००९ पासून दरवर्षी गांधी जयंतीच्या सुमारास देण्याचा आठवडा पाळायला लागले, मग २०१४ला कंपन्यांवर सीएसआरचा, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करायचा, कायदा आला आणि ऑफिसांतून खोके यायला लागले. २०१५च्या शेवटी इराणच्या मशहदमध्ये भिंतीला खुंट्या ठोकून ‘नको असेल तर ठेवा, हवं असेल तर न्या’ ही कल्पना निघाली, ती वर्षभरात आपल्याकडे माणुसकीची भिंत म्हणून गावोगाव पोचली. मुंबईत भिंती फार टिकल्या नाहीत असं माझं निरीक्षण आहे, एकतर पावसाळा आणि दुसरं म्हणजे भिंतीपाशी निवडून ठेवायला रोज माणूस लागतो. जानेवारी २०१६ला देवनारच्या डंपिंगला आग लागली, अख्ख्या शहरात धूर, आणि त्यानंतर सुका कचरा वेगळा करण्यावर जोर वाढला, मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं गेलं. याचा आमच्या कामावर वाईट परिणाम झाला असं मी म्हणेन, कारण संकलनाकडे कचरा कमी करायचा उपाय म्हणून बघायला लागले आणि आलेल्या पिशव्यांचा दर्जा घसरला. घर रिकामं करणं आणि कुणाला काही देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आता दहा रुपये. सुरुवातीला सगळे फुकटच द्यायचे. शहापूर, जव्हार, मोखाड्याकडे टेम्पो न्यायचा, मैदानात उघडायचा आणि वाटायचं. ज्यांनी हे बघितलंय त्यांना माहितीये काय होतं ते. धडधाकट पुढे येतात, कडेवर मूल असलेली बाई मागे राहते, हाताला येईल ते घेतात कारण निवडायला वेळच नसतो, आणि मग सहा फुटी माणसाचा शर्ट बारा वर्षांच्या पोराकडे जातो. वर फोटो. रांगेत उभं करून, हातात पिशवी देऊन फोटो, देणगीदाराला पाठवायला. त्या रांगेतल्या बायकांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं तरी पुरे होतं.

यातून काहींनी टेबलं मांडायला सुरुवात केली. मापाप्रमाणे गठ्ठे, साड्या वेगळ्या, पोरांचं वेगळं, सगळ्याला एकच किंमत, पाच नाहीतर दहा. अंगाला लावून बघा, नको तर ठेवा, घासाघीस केलीत तरी चालेल. फोटो बंद. आलेले पैसे टेम्पोच्या डिझेलला आणि गाळ्याच्या भाड्याला. झालं असं की गर्दी कमी झाली, माणसं हवं तेवढंच न्यायला लागली, आणि ‘हे फाटकंय, दहाला नाही देत’ असं तोंडावर सांगायला लागली. माझ्या मते या पद्धतीची सगळ्यात मोठी कमाई हीच, की घेणाऱ्याला तक्रार करता आली. फुकट दिलेल्याला नावं कोण ठेवणार?

विरोधही तेवढाच तगडा होता आणि आहे. पहिला देणगीदारांचा. आम्ही फुकट दिलं आणि तुम्ही विकता? यात एक गोंधळ पावतीचाही आहे, ८० जी म्हणून ओळखली जाणारी आयकरातली सवलत फक्त पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूंना नाही, त्यामुळे कपडे देणाऱ्याला हातात काहीच मिळत नाही आणि वर ते विकले गेल्याचं कळलं की तो चिडतो. हे समजून घेण्यासारखं आहे, म्हणून किंमत लावणार असाल तर पिशवी घेतानाच सांगा, नंतर कळू देऊ नका. दुसरा विरोध जास्त खरा आहे. ज्याच्याकडे दहासुद्धा नाहीत त्याचं काय, एकट्या म्हाताऱ्या बायकांचं काय. त्यावर काही ठिकाणी गावातल्या बचतगटाच्या बायकांकडे आधीच कुपनं देऊन ठेवतात, कुणाला द्यायची ते त्या ठरवतात आणि टेबलावर कुपन आणि नोट यात फरक करत नाहीत. हे जमतं, पण त्यासाठी गावात ओळख लागते, एका रविवारी जाऊन होत नाही.

तिसरा आक्षेप फार कमी लोक घेतात आणि मला तो सगळ्यात जड वाटतो. आठवडी बाजारात जुने कपडे विकणारा असतो, तो माल बहुतेकदा बोहारणीच्या साखळीतूनच आलेला असतो. आपण दहा रुपयांना टेबल लावलं की त्याचा धंदा बसतो, आणि इकडे शहरात सोसायटीने सगळे कपडे संकलनाला दिले की बोहारणीला दारात काही मिळत नाही. तीही गरीबच. म्हणजे एका गरिबाचा माल काढून दुसऱ्याला दिला असं व्हायला नको. यावर धड उत्तर अजून कुणी काढलेलं नाही. काही ग्रुप बाजाराच्या दिवशी टेबल लावत नाहीत, काही पाडे मुद्दाम बाजारापासून लांबचे निवडतात, काही जण उरलेला माल बोहारणींनाच घाऊक देतात. हे शेवटचं मला पटतं.

तिसरा मार्गही आहे. दिल्लीत १९९९ला सुरू झालेल्या एका संस्थेने कपडा हा कामाचा मोबदला केला, गावाने आपली विहीर, बांध, रस्ता दुरुस्त करायचा आणि त्याबदल्यात घरटी कपड्यांचा संच. गांधीजींच्या १९२१च्या उत्तराच्या हे सगळ्यात जवळचं आहे. पण त्याला गावात बसून काम करणारी माणसं लागतात आणि मुंबईतले बहुतेक व्हॉलंटियर नोकरी सांभाळून शनिवार-रविवार येणारे, त्यामुळे इथे टेबलच रुजलं.

मी दहा रुपयांच्या बाजूने आहे हे आतापर्यंत कळलंच असेल. पण दोन ठिकाणी नाही. एक म्हणजे पूर, दरड, आग. तिथे पैसे मागणं चूकच. दुसरं म्हणजे परळच्या कॅन्सर हॉस्पिटलभोवती फुटपाथवर राहणारी पेशंटची माणसं. बिहार, बंगालहून आलेली, केमोच्या तारखा पडत जातात तसे महिने निघतात, त्यांना चादर, बादली, कुकर, स्वेटर लागतो आणि परत जाताना नेता येत नाही. तिथे वस्तू द्यायची आणि गावी जाताना पुढच्याला ठेवून जा म्हणायचं, ही पद्धत सगळ्यात चांगली चालते.

लॉकडाऊनने सगळंच थांबवलं. मार्च २०२० नंतर कितीतरी महिने कुणी कुणाचा कपडा हातात घ्यायला तयार नव्हतं, सोसायट्यांनी गेट बंद केलेले. मागणी मात्र भलत्याच वस्तूची आली, जुने स्मार्टफोन, पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी, आणि मग आधीच्या मालकाचे फोटो आणि बँकेची अॅप पुसून देणं हे नवीनच काम व्हॉलंटियर्सच्या गळ्यात पडलं. २२ जुलै २०२१ला चिपळूण-महाड बुडालं तेव्हा परत ट्रक भरले, आणि कपड्यांपेक्षा झाडू, फावडी, बादल्या, कोरड्या गाद्या पाठवा असं समजून सांगणारे आता ग्रुपमध्ये होते, हा २००५चा आणि त्यानंतरच्या पुरांचा धडा.

आत्ताची अडचण वेगळीच आहे. एकतर जागा. आवराआवर दिवाळीआधी, मे महिन्यात आणि घर बदलताना, तर गरम कपड्यांची मागणी डिसेंबरात, मधले महिने माल ठेवायचा कुठे, भिवंडीचा गाळा परवडत नाही आणि पावसाळ्यात गठ्ठ्यांना कुबट वास लागून अर्धा माल जातो. त्यात रीडेव्हलपमेंट. चाळी रिकाम्या होतायत, बीडीडी चाळीसारख्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत जाताना लोक लोखंडी कपाट, खाट, पितळी हंडे मागे टाकतात, ते उचलायला चार माणसं आणि छोटा हत्ती टेम्पो लागतो आणि फोन येतो आदल्या रात्री. आणि कपडाच बदललाय. आधीची सुती साडी फाटली तरी गोधडी व्हायची, सुती शर्ट गॅरेजवाला पुसायला कापड म्हणून घ्यायचा. आता येतो त्यातला बराचसा पॉलिस्टर, तीन-चार धुण्यांत बसलेला, त्याची ना गोधडी होते ना पुसणं, आणि टेबलावर दहा रुपयांनाही बाया तो हातात घेऊन परत ठेवतात. म्हणून काही ग्रुप्सनी यंदापासून पिशवी दारातच उघडून, नको ते तिथल्या तिथे परत द्यायला सुरुवात केलीये, आणि त्यावरून पुढचा वाद सुरू झालाय.