ओव्हरटाइम केला की हातात कमी पगार येतो?

"ओव्हरटाइम केलात की वरच्या स्लॅबमध्ये जाता, मग सगळ्याच पगारावर जास्त टॅक्स" हा मेसेज कायम फिरत असतो. तसं नसतं. स्लॅब पद्धतीत वरचा रेट फक्त मर्यादेच्या वरच्या रकमेलाच लागतो. समजा 1000 पर्यंत 10 टक्के, वर 20, आणि ओव्हरटाइम धरून कमाई 1100 झाली, तर टॅक्स 100 अधिक 20, हातात 980, आधी नुसत्या 1000 वर हातात 900 होते. आता त्या महिन्याची कपात जास्त दिसते हे खरंय, कारण बऱ्याच ठिकाणी वर्षभर दर महिन्याला एवढीच कमाई होणार असं धरून कापतात, जादा कापलेलं वर्षाच्या हिशोबात परत मिळतं. (एखादी सवलत ठरावीक उत्पन्नाला बंद होत असेल तर ते वेगळं.) उद्या सरकारने ओव्हरटाइम टॅक्स-फ्री केला तरी वरच्या उदाहरणात वाचणार ते 20च. दोन महिन्यांच्या स्लिपा शेजारी ठेवून निव्वळ पगार बघा.