आजीचा भूकंप मला कसा आठवतो?

मला कोयनेचा भूकंप आठवतो. पहाटेचा अंधार. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली मडक्यांची उतरंड आधी नुसती थरथरते, मग वरचं मडकं चुलीपाशी येऊन फुटतं आणि सारवलेल्या जमिनीवर नाचणी पसरते. आजोबा मला काखोटीला मारून बाहेर धावतात. अंगणात खाली ठेवतात तेव्हा पायाला माती गार लागते. कऱ्हाडजवळच्या आमच्या जुन्या घरातली ही पहाट मी डोळे मिटून सांगू शकतो.

अडचण एवढीच, की भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी आणि माझा जन्म १९६९ चा.

काखोटीला होता तो माझा थोरला भाऊ. दर पावसाळ्यात दिवे गेले की आजी ही गोष्ट सांगायची, नाचणीसकट, हातवारे करून. पाचसात वर्षं ऐकता ऐकता मी त्या गोष्टीत शिरलो आणि भावाला बाहेर ढकलून त्याच्या जागी बसलो. गार मातीचा स्पर्श माझा स्वतःचा, पण तो दुसऱ्याच कुठल्यातरी पहाटेचा असणार. घरात कुणी हौशी असतं तर 'हा गेल्या जन्मी याच घरात होता' असं ठरवून मोकळं झालं असतं.

ही आठवण पुन्हा वर आली ती मावसबहिणीमुळे. तिला विहिरीची भीती, लहानपणापासून. कुणीतरी सुचवलं म्हणून ती पुण्यात 'पास्ट लाइफ रिग्रेशन' करून आली. संमोहनानं माणसाला मागच्या जन्मात नेऊन आजच्या दुखण्याचं मूळ शोधायचं, असा हा उपचार. सत्राचं रेकॉर्डिंग तिच्या फोनवर होतं. तिनं ते मला ऐकवलं.

शांत, मऊ आवाज. तुम्ही जिना उतरताय, दहा, नऊ, आठ. समोर दार आहे. उघडा. खाली बघा, पायात काय दिसतंय? बराच वेळ काही नाही. मग बहीण म्हणते, "काही नाही. अनवाणी." अंगावर काय आहे? "साडी." रंग? "पांढरी." पांढरी का बरं? पुन्हा शांतता, आणि मग एकदम बारीक आवाजात, "मी... विधवा आहे का?" पुढे विचारणा होते: काळ कुठला वाटतो, पेशवाई असेल का? "हो, पेशवाई." अर्ध्या तासात वाडा उभा राहतो, ब्राह्मणाचं घर, दुष्ट दीर, मागचं परसू. दीर तिला मोकळ्या केसांनिशी ओढत नेतो आणि विहिरीत ढकलतो. बहीण हमसून हमसून रडते. ऐकताना माझ्याही घशाशी आलं.

पण पेशवाईतल्या ब्राह्मण विधवेच्या अंगावर पांढरी साडी कुठून आली? आपल्याकडे तिला लाल आलवण नेसावं लागे, आणि केशवपन झालं की केस मोकळे सोडायला उरतच नसत. पांढऱ्या साडीतली, केस विस्कटलेली विधवा हिंदी सिनेमातली. 'पेशवाई' हा शब्दही आधी बहिणीच्या तोंडून आला नव्हता, तो प्रश्नातूनच आला. ती खोटं बोलत होती असं मी मुळीच म्हणत नाही. पायात काय आहे असं विचारलं की मन पाय तयार करतं, मग पायाला शोभेल अशी साडी, आणि साडीला शोभेल असं नशीब.

प्रश्नात दडलेली सूचना किती काम करते, हे अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बेकर यांनी १९८२ मध्ये अगदी साध्या प्रयोगातून दाखवलं. साठ विद्यार्थी, वीसवीसचे तीन गट. संमोहनापूर्वी पहिल्या गटाला सांगितलं, ही नवी उपचारपद्धती फार रोमांचक आहे. दुसऱ्याला, काही दिसेल किंवा दिसणारही नाही. तिसऱ्याला, असलं काही चक्रम लोकांनाच दिसतं. पहिल्या गटात ८५ टक्क्यांना मागचा जन्म दिसला, दुसऱ्यात ६० टक्क्यांना, तिसऱ्यात १० टक्क्यांना. आत्म्याचा प्रवास काय असायचा तो असो, दोन वाक्यांच्या प्रस्तावनेनं तो एवढा वरखाली व्हावा हे नवलच.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात निकोलस स्पॅनोस यांनी हेच पुढे नेलं. त्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात ११० जणांना संमोहित केलं, त्यांतल्या ३५ जणांनी मागचा जन्म सांगितला. ज्यांना आधी सूचना मिळाली होती की तुम्ही वेगळ्या लिंगाचे किंवा दूरच्या संस्कृतीतले असू शकता, त्यांचे जन्म तसेच निघाले. जुन्या काळी मुलांचा फार छळ व्हायचा असं ज्यांच्या कानावर घातलं, त्यांच्या मागच्या बालपणात छळ वाढला. आणि सांगितलेल्या काळाविषयी साधे प्रश्न विचारले तर उत्तरं कोसळायची. एक जण १९४० मधला जपानी लढाऊ वैमानिक होता. त्याला आपल्या सम्राटाचं नाव येईना, आणि जपानमध्ये शांतता आहे असं तो म्हणाला. चीनशी युद्ध तर १९३७ पासून चालू होतं. दुसरा ज्यूलियस सीझर होता, इसवी सन ५० मधला रोमचा सम्राट. सीझरचा खून त्याच्या नव्वदएक वर्षं आधीच झालेला, आणि सम्राट तो कधी झालाच नव्हता.

या उपचाराला जगभर प्रसिद्धी मिळवून देणारं ब्रायन वाइस यांचं पुस्तक १९८८ मध्ये आलं. त्यातली रुग्ण पहिल्याच प्राचीन जन्माचं साल सांगते: इसवी सनपूर्व १८६३. ख्रिस्त जन्मायला अजून अठरा शतकं आहेत हे त्या बाईला कुणी कळवलं?

याहून सुरस प्रकरण मात्र जिनिव्हातलं, आणि त्यात आपला कानडा मुलूखही येतो. १८९० च्या दशकात तिथं एलेन स्मिथ या टोपणनावानं ओळखली जाणारी, दुकानात नोकरी करणारी एक बाई समाधीत जाऊन मागचे जन्म सांगत असे. त्यातल्या एका जन्मी ती होती सिमंदिनी. अरब शेखाची मुलगी, कानडा प्रांतातल्या शिवरुका नायक नावाच्या राजाची राणी. राजानं १४०१ मध्ये चंद्रगिरीचा किल्ला बांधला, आणि तो मेल्यावर ती सती गेली. समाधीत ती 'संस्कृत' बोले. 'अतिएया गणपतिनामा' हे तिचे शब्द टिपून ठेवलेले आहेत. जिनिव्हात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, भर बैठकीत गणपती!

मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लुर्न्वा यांनी तिचा पाच वर्षं पाठपुरावा केला. भाषा तपासायला त्यांनी साक्षात फेर्दिनां द सोस्यूर यांना बोलावलं. आधुनिक भाषाविज्ञानाचे हे प्रवर्तक तेव्हा जिनिव्हात संस्कृत शिकवत. त्यांचं मत मोठं मजेदार: हे संस्कृत नव्हे, अक्षरांची खिचडी आहे, अधूनमधून खरे शब्द सापडतात, पण संस्कृतच्या वळणाला सोडून जाणारं त्यात फारसं काही नाही. नंतर लक्षात आलं, की बाईंच्या संस्कृतमध्ये 'फ्' हा फ्रेंच उच्चार कुठेच येत नाही. आपली मातृभाषा कानाला लागू नये याची काळजी मन आतल्या आत घेत होतं. शिवरुका नायक इतिहासकारांना ठाऊक नव्हता. तो अखेर फ्लुर्न्वांना सापडला १८२८ मध्ये छापलेल्या द मार्लेस यांच्या भारतविषयक फ्रेंच इतिहासग्रंथात: तेच नाव, तोच किल्ला, तेच १४०१. बाई मंगळावरचीही भाषा बोलत असत. तिचं व्याकरण थेट फ्रेंच निघालं.

बाईंना ते पुस्तक पाहिल्याचं मुळीच आठवत नव्हतं. अशा विसरलेल्या, पण आत राहिलेल्या माहितीला फ्लुर्न्वांनी 'क्रिप्टोम्नेझिया' म्हटलं. मराठीत 'गुप्तस्मृती' म्हणू. पाऊणशे वर्षांनी फिनलंडमध्ये रेइमा काम्पमान या मानसोपचारतज्ज्ञांनी तिचा माग चक्क उलटा काढला. संमोहनात एक मुलगी मध्ययुगीन इंग्लंडमधली डोरोथी झाली आणि तेराव्या शतकातलं एक इंग्रजी गाणं जुन्या भाषेतच गायली. त्यांनी तिला नंतर पुन्हा संमोहित केलं आणि विचारलं, हे गाणं या जन्मात कुठं भेटलं? तिला आठवलं: तेराव्या वर्षी वाचनालयात संगीताच्या इतिहासाचं एक पुस्तक तिनं नुसतं चाळलं होतं. गाणं त्यात होतं.

स्मृतीचं कामच असं चालतं. प्रसंग फितीसारखा साठवलेला नसतो, प्रत्येक वेळी तो तुकड्यांतून नव्यानं जुळवला जातो. आणि 'हे मी पाहिलं', 'हे ऐकलं', 'हे कल्पिलं' अशी चिठ्ठी त्या तुकड्याला घट्ट चिकटलेली नसते. चिठ्ठी गळते, तुकडा राहतो. पलंग, उशी, रात्र, थकवा, जांभई, स्वप्न असे शब्द वाचून दाखवले तर थोड्या वेळानं अनेकांना 'झोप' हा शब्दही ऐकल्याचं आठवतं. तो यादीत नसतोच. हार्वर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये अशीच चाचणी मागचा जन्म आठवतो असं सांगणाऱ्यांवर केली, तेव्हा ही चूक त्यांच्याकडून इतरांपेक्षा जास्त झाली. ही माणसं वेडी नव्हेत. चिठ्ठी गळण्याचं प्रमाण त्यांच्यात थोडं अधिक, इतकंच. संमोहनानं आठवणी अचूक होत नाहीत, जास्त होतात आणि त्यांच्याबद्दलची खात्री वाढते. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांत संमोहनातून आलेल्या साक्षीवर न्यायालयांची बंधनं आहेत.

इथं कुणी म्हणेल, मग पुनर्जन्मच खोटा का? हा प्रश्न वेगळा आहे. तो आपल्याकडे जुनाच आहे, 'भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः' म्हणणारे चार्वाकही आपलेच. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हन्सन यांनी अख्खी हयात या प्रश्नात घालवली. १९६१ मध्ये ते पहिल्यांदा भारतात आले. लहान मुलं आपणहून मागचं घर सांगतात, अशा प्रकरणांच्या त्यांनी जाडजूड नोंदी केल्या. आग्रा जिल्ह्यात झालेल्या एका पाहणीत साधारण ४५० माणसांमागे एक असं प्रमाण आढळलं. त्यांच्या कामातला मोठा कच्चा दुवा असा, की बहुतेक वेळा संशोधक पोचायच्या आत दोन्ही घरची माणसं भेटलेली असत, आणि मूल आधी काय बोललं नि नंतर त्याला काय कळलं हे निवडणं अशक्य होई. पण संमोहनातल्या पूर्वजन्मांवर खुद्द स्टीव्हन्सन यांचाच विश्वास नव्हता, तसं त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. त्यांनी एका आकडी कुलपाचा संकेत फक्त स्वतःपाशी ठेवला होता, मरणानंतर जमलं तर कुणाकरवी कळवण्यासाठी. २००७ मध्ये ते गेले. कुलूप उघडल्याची बातमी काही आलेली नाही.

त्यांनी अभ्यासलेलं सर्वांत चकवणारं प्रकरण नागपूरचं आहे. विद्यापीठात शिकवणारी, तिशी ओलांडलेली एक मराठी बाई १९७४ मध्ये अचानक बंगाली बोलू लागली. 'मी शारदा' म्हणे, आईवडिलांना ओळखेना, साडी बंगाली पद्धतीनं नेसू लागली. काही दिवसांनी पूर्ववत होई, पुन्हा शारदा येई. शारदेनं सांगितलेल्या काही पुरुष नातेवाइकांची नावं बंगालमधल्या एका वंशावळीत मिळाली. शारदा स्वतः त्यात मिळणं शक्यच नव्हतं, कारण यादी फक्त पुरुषांची. दुसऱ्या बाजूला, बाईंनी शाळेच्या वयात थोडं बंगाली वाचन शिकलेलं, बंगाली कादंबऱ्यांची भाषांतरं वाचलेली, घरात बंगालचं कौतुक, आणि नागपुरात बंगाली वस्ती होतीच. तिचं बंगाली किती जुनं, किती अस्सल, यावर जाणकारांचं एकमत झालं नाही. मला विचाराल तर मला इथं जिनिव्हाची सिमंदिनी दिसते, फक्त अभ्यास जास्त केलेली. पण वाचलेल्या भाषेतून इतकं अस्खलित संभाषण कसं फुटलं, हे कोडं मी सुटलेलं मानत नाही.

बहिणीला मी आलवणाचं सांगितलं. ती जराही हलली नाही. "रडू तर खरं होतं ना?" म्हणाली. खरं होतं. तासभर कुणी लक्ष देऊन ऐकलं, भीतीला एक कारण मिळालं, त्यात आपली चूक नव्हती हेही कळलं. एवढ्यानं हलकं वाटतं, गोष्ट खरी असायची गरज नसते. मला धास्ती वाटते ती पुढच्या सत्राची. तो दीर या जन्मी कोण, असा प्रश्न आला की उत्तरही येणारच, आणि ते बहुधा घरातल्याच कुणाचं नाव असेल. मागच्या जन्माच्या नात्याचा गैरफायदा घेणारे काही कमी नाहीत. भक्त मागच्या जन्मी आपली पत्नी, पती किंवा प्रेयसी होती असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला तोच कायदा. विहिरीच्या भीतीवर साधा, तपासलेला उपाय आहे: समुपदेशकाबरोबर आधी विहिरीचं चित्र, मग लांबून विहीर, मग कठडा. त्याला पेशवाईत जावं लागत नाही.

हे लिहायला बसण्याआधी थोरल्या भावाला फोन केला. भूकंपात तो तीन वर्षांचा होता, आजोबांच्या काखोटीला, त्या अंगणात, प्रत्यक्ष. त्याला काय आठवतं ते विचारलं.

"काहीच नाही रे," तो म्हणाला. "नाचणी सांडली होती ना? तूच सांगत असतोस."