एका बाजूला बावीस मिनिटे

1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अवकाशात गेली. तिच्यावर फोंड्याजवळच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि अमेरिकी रॉक अँड रोल गायक चक बेरीचे ‘जॉनी बी. गुड’ही आहे. भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची, बेरीचे गाणे त्याहून लहान. एरवी या दोन गाण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण त्यांच्या लांबीचे माप एकाच वस्तूने ठरवले: मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीने. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. या तबकड्यांना लागणारी लाख बरीचशी भारतातूनच जायची. लांब रचना चार-पाच तबकड्यांवर कापून ठेवत आणि त्या तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधणीत विकत. ‘अल्बम’ हा शब्द त्या बांधणीचा, आणि रॉकचा अल्बम सलग का ऐकावा हे समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

जून 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने अमेरिकेत एलपी, म्हणजे ‘लाँग प्ले’ तबकडी, आणली. बारा इंची, लाखेऐवजी व्हिनाइलची, बारीक खाचांची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी. एका बाजूला साधारण बावीस मिनिटे. सुरुवातीला या जागेचा उपयोग पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि नाटकांच्या गाण्यांना झाला. रॉक अँड रोल मात्र 45 फेऱ्यांच्या लहान तबकडीवरच वाढले. गाजलेली दोन गाणी आणि सोबत भरतीची दहा, असा तेव्हाच्या रॉक एलपीचा ठराविक साचा होता.

तबकडीचा वेग कायम असला तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग कायम नसतो. बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, लेबलजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो, म्हणून बाजूच्या शेवटी झांजा चरचरतात, ‘स’ आणि ‘श’ फाटतात. शिवाय मोठ्या आवाजाला, विशेषतः खर्जाला, रुंद खाच लागते. बाजू पंचवीस मिनिटांवर गेली की सगळाच आवाज खाली आणावा लागतो. म्हणून दणदणीत गाणे बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणे लेबलजवळ ठेवण्याची रीत पडली. आपल्या मैफलीत विलंबितापासून द्रुताकडे चढत जातात. एलपीची बाजू बहुधा उलटी, वरून खाली उतरणारी. रॉकचा अल्बम सलग ऐकताना हे ध्यानात असले की गाण्यांचा क्रम वाचता येतो.

1965 ते 1967 ही वर्षे निर्णायक ठरली. डिसेंबर 1965 मध्ये बीटल्सचा ‘रबर सोल’ आला. तो ऐकून बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने भरतीचे गाणेच नसलेला अल्बम करायचे ठरवले आणि मे 1966 मध्ये ‘पेट साउंड्स’ आला. पुढच्या वर्षी बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला, तोही चार ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर चारच वेगळे पट्टे शेजारी-शेजारी धरणाऱ्या, यंत्रांवर ध्वनिमुद्रित झालेला. गाण्यांमधल्या कोऱ्या पट्ट्या त्यात जवळजवळ काढून टाकल्या आणि सगळ्या गाण्यांचे शब्द वेष्टनावर छापले. ब्रिटिश तबकडीवर शेवटच्या पियानोनंतर, सुई जिथे गोल गोल फिरत राहते त्या खाचेतही काही सेकंदांची बडबड कोरलेली आहे. आपोआप सुई उचलणाऱ्या यंत्रावर ती नीट ऐकू येत नाही. साध्या यंत्रावर हाताने सुई उचलेपर्यंत ती चालूच राहते.

क्रमाचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते बीटल्सच्या सप्टेंबर 1969 च्या ‘अ‍ॅबी रोड’मध्ये. दुसऱ्या बाजूला अर्धवट राहिलेली गाणी सांधून सुमारे सोळा मिनिटांची मालिका केली आहे. त्यातले ‘हर मॅजेस्टी’ हे 23 सेकंदांचे गाणे मूळ जोडणीत ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ आणि ‘पॉलिथीन पॅम’ यांच्या मध्ये होते. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनीला ते तिथे रुचले नाही, म्हणून टेप कापून काढले. काहीही फेकायचे नाही असा स्टुडिओचा दंडक असल्याने तंत्रज्ञाने तो तुकडा, मध्ये कोरी टेप घालून, शेवटाला चिकटवला. तो तिथेच राहिला. म्हणून ‘हर मॅजेस्टी’ एका मोठ्या आघाताने सुरू होते. तो आघात खरे तर ‘मस्टर्ड’चा शेवटचा स्वर आहे. आणि तिचा स्वतःचा शेवटचा स्वर तिच्यात नाहीच, तो ‘पॅम’च्या सुरुवातीखाली गाडला गेला आहे. सुटे ऐकले तर हे गाणे मोडके वाटते. दहा मिनिटे मागून ऐकत आल्यावर त्याची मोड कुठे बसते ते कळते.

पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ (1973) सुमारे 43 मिनिटांचा. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांवरच संपतो. पहिली बाजू गायिका क्लेअर टोरीच्या शब्दांविना गायनावर विझते, दुसरी ‘मनी’मधल्या नाण्यांच्या खणखणाटाने उघडते. त्या खणखणाटासाठी नाणी, गल्ला, फाटणारा कागद यांच्या टेपचे सात सारख्या लांबीचे तुकडे मोजून जोडले होते. रूपकाच्या सात मात्रा बोटांवर मोजत गेलात की गिटारच्या एकलवादनापाशी हिशेब चुकतो, कारण तिथे गाणे चार मात्रांवर येते. या दोन बाजूंमध्ये उठून तबकडी उलटण्याएवढी शांतता रचनेतच धरलेली आहे. आजही तिथे अर्धा मिनिट थांबावे.

गोव्यात अशा तबकड्या बऱ्याचदा तारवटींच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या, पेट्यांतून आल्या. यंत्रेही तशीच आली आणि त्यांतून एक नेहमीचा घोटाळा झाला. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50. विजेच्या आवर्तनांवर चालणारी मोटर असेल तर ट्रान्स्फॉर्मर लावूनही तबकडी हळूच फिरते, 33⅓ च्या जागी जवळपास 28 फेरे. गाणे नेमके कोमल गंधारापासून षड्जापर्यंत खाली उतरते. त्यावर उपाय 50 हर्ट्झची पुली बसवण्याचा. ट्रान्स्फॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो.

मग कॅसेट आली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, म्हणजे अख्खी एलपी एका बाजूवर. भरून घेताना टेपच्या सुरुवातीचा कोरा, आवाज न धरणारा पट्टा पेन्सिलने पुढे सरकवला नाही, तर ‘डार्क साइड’चे पहिले ठोकेच गायब. कंपन्यांनीही क्रमाशी खेळ केला: दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या करण्यासाठी ‘अ‍ॅबी रोड’च्या काही कॅसेटवर ‘कम टुगेदर’ आणि ‘हिअर कम्स द सन’ यांची अदलाबदल केलेली आहे. त्या ऐकून मोठे झालेल्यांना अल्बमचा खरा आरंभ पुढे कधीतरी कळला.

कॅसेटनेच गोव्याला स्वतःचा अल्बमही दिला. गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी 1984 मध्ये ‘गोवन क्रेझी’ शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, वाद्ये आणि आवाज सगळे स्वतःच करून ध्वनिमुद्रित केला. अशा यंत्रावर चारही ट्रॅक एकाच दिशेने जातात आणि टेप बहुधा दुप्पट वेगाने चालते, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटमधून पंधराच मिनिटे मिळतात. चारपेक्षा जास्त थर हवे असतील तर तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. प्रत्येक उतरवणीला सळसळ वाढते, आणि एकदा मिसळलेला ढोल पुन्हा खाली करता येत नाही. एकट्या माणसाने हे निभावणे ही मोठी कामगिरी आहे, आणि तो अल्बम गाणी सुटी न करता ऐकला तरच ती दिसते.

1982 मध्ये आलेल्या सीडीने बाजूच पुसली आणि 74 मिनिटे मोकळी दिली. बरेच अल्बम त्यामुळे विनाकारण लांबले. फायलींनी सांधा पुसला. एमपी3 आवाजाचे 1152 नमुन्यांचे ठोकळे करते आणि शेवटचा अपुरा ठोकळा शांततेने भरते, म्हणून ‘अ‍ॅबी रोड’ची मालिका जोडांवर ठेच खाते. अशी भर न घालणाऱ्या फ्लॅक फायली घ्याव्यात. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ‘गॅपलेस’ (गाण्यांमध्ये खंड न पाडणे) चालू, ‘क्रॉसफेड’ (एक गाणे दुसऱ्यात मिसळणे) शून्यावर आणि ‘शफल’ (क्रम उलटसुलट करणे) बंद करावे.

घरात एलपी असतील तर पावसाळ्यापूर्वी कागदी पिशव्या बदलून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या घ्याव्यात. बुरशी कागदावर आणि धुळीवर वाढते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, भिंतीला टेकवू नयेत. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब घालून, खाचेच्या दिशेने मऊ ब्रशने पुसावे, लेबल कोरडे ठेवावे. बाजारातल्या काही द्रावणांत अल्कोहोल असते. व्हिनाइल ते थोडेसे सोसते, पण आजोबांच्या पेटीतली 78 फेऱ्यांची तबकडी लाखेची आहे आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.