शालेय पोषण आहार: ताट गावचं, धान्य दिल्लीचं

16 सप्टेंबर 1920 रोजी मद्रास महापालिकेने एक ठराव मंजूर केला. थाउजंड लाइट्स भागातल्या महापालिकेच्या शाळेत मुलांना फराळ द्यायचा, आणि त्याचा खर्च मुलामागे दिवसाला एक आण्यावर जाऊ द्यायचा नाही. तेव्हा महापालिकेचे प्रमुख जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी होते. शाळेत येणारी मुलं गरिबाघरची आहेत आणि त्यामुळे पट रोडावतो, हे त्यांनी सभेत मांडलं होतं. फराळ सुरू झाला, आणखी काही शाळांत गेला. 1925 मध्ये तो बंद पडला. अन्न संपलं नव्हतं आणि मुलंही येतच होती. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून असा खर्च करता येणार नाही, ही ब्रिटिश सरकारची हरकत होती.

शालेय पोषण आहाराचा इतिहास वाचताना मी पुन्हा पुन्हा या हरकतीपाशी येऊन थांबते. मुलाच्या ताटात काय पडेल, हे आपल्याकडे आहारतज्ज्ञापेक्षा लेखाशीर्षाने, म्हणजे पैसा अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून येतो त्याने, जास्त ठरवलं आहे. ज्या पदार्थासाठी पक्कं लेखाशीर्ष आहे तो ताटात टिकतो, आणि ज्याचा पैसा 'उपलब्धतेनुसार' येतो तो पहिल्या कपातीत जातो. गावात पिकणारी भाजी, नाचणी, अंडी ही सगळी या दुसऱ्या रांगेतली.

स्वातंत्र्यानंतर मद्रास राज्यातच हे काम पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. मुख्यमंत्री के. कामराज यांनी 1956 मध्ये प्राथमिक शाळांत दुपारचं जेवण सुरू केलं, आणि त्यात गावकऱ्यांच्या देणग्यांचा वाटा मोठा होता. पुढे साठच्या दशकात देशात ठिकठिकाणी परदेशी मदतीचं धान्य शाळांमध्ये आलं. अमेरिकेचा पीएल-480 कायदा 1954 चा. त्याखाली आलेला शिल्लक गहू, मका आणि दूध पावडर 'केअर'सारख्या संस्थांमार्फत मुलांपर्यंत पोहोचली. त्या पिढीतल्या अनेकांना शाळेतल्या दूध पावडरीचा वास अजून आठवतो. भूक भागली हे खरंच, आणि ते कमी नाही. पण दुसऱ्या देशात जे जास्त पिकलं ते आपल्या मुलांनी खायचं, असा तो व्यवहार होता. गावचा शेतकरी त्यात कुठेच नव्हता.

1 जुलै 1982 रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत पौष्टिक आहार योजना सुरू केली तेव्हा ती राज्याच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून केली. एवढा खर्च परवडणार कसा, अशी टीका झाली. पण एकदा तो राज्याचा कायमचा खर्च ठरल्यावर पुढच्या सरकारांनी त्यात भरच घातली. 1989 मध्ये करुणानिधी सरकारने पंधरा दिवसांतून एक अंडं दिलं, आणि पक्ष बदलत राहिले तरी अंड्यांची संख्या वाढतच गेली. शेजारच्या गुजरातने 1984 मध्ये आपली योजना सुरू केली. महाराष्ट्राला मात्र केंद्राची वाट पाहावी लागली.

केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी आली, सुरुवातीला देशातल्या 2,408 विकासगटांत. इथेच पुढच्या तीस वर्षांचा साचा ठरला. केंद्राने दिलं काय, तर भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातलं धान्य, फुकट. दर मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम. शिजवायचा खर्च राज्यांनी बघावा. बहुतेक राज्यांनी तो बघितला नाही आणि महिन्याला 3 किलो कोरडं धान्य वाटायला सुरुवात केली. आपल्याकडे तांदूळ. त्या वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळेत असलेल्यांना वर्गाच्या कोपऱ्यातली पोती आणि महिनाअखेरीला पिशवी घेऊन उभी राहिलेली रांग नक्की आठवत असेल. हजेरी 80 टक्के भरली तरच तांदूळ, ही अटही. तो तांदूळ घरच्या डब्यात जायचा आणि सगळ्या घरात वाटला जायचा. मूल दुपारी शाळेत उपाशीच.

धान्य महामंडळाचं म्हणजे हमीभावाने खरेदी होणारं, म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यातल्या आणि नाचणीवर वाढलेल्या डोंगराळ भागातल्या शाळांनाही तेच. कुणी दुष्टपणाने हे केलं असं मी म्हणणार नाही. गोदामं भरलेली होती, ती रिकामी करायची होती, आणि मुलांना धान्य मिळत होतं. पण या सोयीची किंमत पोषणात मोजावी लागली. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात 10 च्या आसपास.

शिजवलेलं अन्न देशभर मिळालं ते न्यायालयामुळे. 2001 मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामांत धान्य मावत नव्हतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 28 नोव्हेंबर 2001 च्या अंतरिम आदेशाने राज्यांना बजावलं की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, किमान 300 उष्मांक आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान 200 दिवस. 2004 मध्ये न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासी समाजातल्या व्यक्तींना प्राधान्य द्या. गावाच्या पंगतीत ज्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या हातांनी शिजवलेलं अन्न सगळ्या मुलांनी एकत्र बसून खाणं, हे या योजनेचं फार मोठं काम आहे. पोषणाच्या तक्त्यात ते दिसत नाही.

आदेश तर आला, पण डाळ, तेल, भाजी, सरपण यांचा पैसा? सप्टेंबर 2004 पासून केंद्राने त्यासाठी मुलामागे दिवसाला 1 रुपया द्यायला सुरुवात केली. 2006 मध्ये तो दीड रुपया झाला आणि राज्याने त्यात निदान 50 पैसे घालावेत असं ठरलं. त्याच वेळी प्राथमिकसाठी 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनांचा दंडक आला. आज कागदावरचं प्रमाण असं आहे: प्राथमिकच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच दीडपट. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा कायदेशीर हक्क झालं.

यातलं धान्य वेगळं, फुकट येतं. बाकी सगळं 'स्वयंपाक खर्चा'त बसवायचं. ऑक्टोबर 2022 मध्ये तो दर प्राथमिकसाठी मुलामागे दिवसाला 5 रुपये 45 पैसे होता, मे 2025 पासून 6 रुपये 78 पैसे झाला. उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे. महाराष्ट्रात ग्रामीण भागात त्यातही डाळ, तेल, मसाले हा धान्यादी माल पुरवठादाराकडून येतो आणि शाळेच्या हातात उरतात इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे. म्हणजे मुख्याध्यापकाने आणि स्वयंपाकी ताईंनी गावच्या शेतकऱ्याकडून काही घ्यायचं म्हटलं, तर एवढ्याच पैशांतून. तेही बऱ्याचदा उशिरा जमा होतात. तोवर किराणा दुकानात मुख्याध्यापकाची उधारी. पाव किलो वांगी जास्त घ्यायची की गॅस भरायचा, असा हिशेब रोज करत असलेल्या माणसाला 'स्थानिक पौष्टिक अन्न वापरा' असं परिपत्रक पाठवणं सोपं असतं.

स्थानिक अन्नासाठी वेगळा पैसा असावा हा विचार सरकारी कागदांत ठळकपणे आला तो 2019 च्या सुमारास. योजनेच्या वार्षिक आराखड्यातला 5 टक्क्यांपर्यंतचा निधी राज्यांना नव्या प्रयोगांसाठी मोकळा ठेवला गेला. शाळांच्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. सप्टेंबर 2021 मध्ये योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं आणि शेतकरी उत्पादक कंपन्या व महिला बचत गटांकडून माल घ्यावा, स्थानिक पदार्थांना उत्तेजन द्यावं, हे मजकुरात आलं. योजना पाच वर्षांसाठी, 2025-26 पर्यंत, सुमारे 11 कोटी 80 लाख मुलांसाठी. दिशा चांगलीच आहे. पण किती टक्के माल स्थानिक घ्यायचाच, असं बंधन त्यात नाही. आणि 5 टक्के मोकळा निधी हा राज्याने मागितला, प्रस्ताव केला, मंजूर झाला, तरच.

ब्राझीलने 2009 मध्ये हे बंधनच घातलं. शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांकडच्या खरेदीवर खर्च करायचा, हे कायद्यात लिहिलं. अमेरिकेने अनुदानाची वाट धरली. तिथे 2010 च्या कायद्याने शाळा आणि शेतकरी जोडण्यासाठी दरवर्षी 50 लाख डॉलरची तरतूद झाली, पुढे शाळांनी स्थानिक माल घ्यावा म्हणून बरीच मोठी स्वतंत्र रक्कमही आली. मार्च 2025 मध्ये त्या दुसऱ्या रकमेचे सुमारे 66 कोटी डॉलर कृषी खात्याने रद्द केले. ज्या शेतकऱ्यांनी शाळांच्या भरवशावर लागवड ठरवली होती, त्यांचा हिशेब बिघडला.

आपल्याकडे कर्नाटकात 2013 पासून मुलांना दूध मिळतं ते राज्याच्या सहकारी महासंघाचं, म्हणजे तिथल्याच गोठ्यांतलं. अंड्यांची सुरुवात तिथे राज्याने केली आणि 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने तीन वर्षांसाठी सुमारे 1,500 कोटी रुपयांचं अनुदान जाहीर केल्यावर आठवड्यातले सहा दिवस अंडं किंवा त्याऐवजी केळं देता आलं. तीन वर्षांनंतर काय, हा प्रश्न तिथेही आहेच.

महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जून 2024 मध्ये 15 पाककृतींचा नवा आराखडा आला: भात-डाळ, मोड आलेली कडधान्यं, गोड पदार्थ, आणि त्यात नाचणी सत्त्व. वाचून फार बरं वाटलं होतं. जानेवारी 2025 च्या शासन निर्णयाने तो आवरला. पाककृती कमी झाल्या. अंडा पुलाव, गोड खिचडी आणि नाचणी सत्त्व ऐच्छिक झाले आणि त्यांच्यासाठी सरकारचा वेगळा निधी मिळणार नाही असं ठरलं. नाचणी सत्त्व यादीत अजून आहे. त्यात घालायची साखर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून गोळा करायची आहे.